मार्सेय : परक्यांनी भरवलेली पेठ आणि तिचे धडे

मालाच्या निमित्ताने युरोपात जाणारे आपले बहुतेक व्यापारी बंधू लंडन, पॅरिस किंवा जर्मनीतील प्रदर्शनांपर्यंत जातात आणि तेथूनच परततात. भूमध्य समुद्राच्या काठावरील मार्सेय बंदराकडे सहसा कोणी वळत नाही. वास्तविक व्यापारी आणि कारागीर माणसाने सवड काढून दोन-तीन दिवस पाहावे असे हे शहर आहे. पॅरिसनंतर फ्रान्समधील हे दुसऱ्या क्रमांकाचे शहर असून वस्ती सुमारे पावणेनऊ लाख आहे. आपल्या जुन्या पुस्तकांतून याचेच नाव 'मार्सेलिस' असे छापलेले आढळते. १९१० च्या ८ जुलैला सावरकरांनी 'मोरिया' बोटीतून उडी घेतली ती याच बंदरात, त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव परके नाही.

येथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. निळा समुद्र, टेकडीवरचे मोठे चर्च, किल्ले, २०१३ साली उघडलेले भूमध्य संस्कृतीचे भव्य संग्रहालय, सर्व काही आहे. परंतु या लेखाचा विषय वेगळा आहे. हे शहर परक्यांनी वसवले आणि परक्यांनीच चालवले. ग्रीक, इटालियन, आर्मेनियन, ज्यू, अल्जेरियन, ट्युनिशियन, कोमोरियन, व्हिएतनामी, लेबनानी असे नाना लोक येथे आले आणि प्रत्येकाने आपला हुन्नर किंवा माल आणून पेठेत जागा मिळवली. काहींची जागा टिकली, काहींची गेली. ती का टिकली आणि का गेली, हे या शहरात एकेक गल्ली फिरताना समजते. आपल्या धंद्याच्या दृष्टीने पाहण्याजोगी गोष्ट तीच आहे.

जुने बंदर

फिरण्याची सुरुवात जुन्या बंदरापासून करावी. तीन बाजूंनी शहर आणि चौथ्या बाजूला समुद्राचे अरुंद तोंड, अशी ही नैसर्गिक गोदी आहे. इसवी सनापूर्वी सुमारे ६०० च्या सुमारास फोकिया या गावातील ग्रीक व्यापारी येथे उतरले. फोकिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीरजवळचे फोचा. म्हणजे फ्रान्समधील हे सर्वांत जुने मोठे शहर मुळात आशिया मायनरच्या किनाऱ्यावरून आलेल्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांची वखार होती. १९६७ साली शहराच्या मध्यभागी व्यापारी संकुल बांधण्यासाठी खोदकाम सुरू झाले, तेव्हा प्राचीन बंदराचे धक्केच सापडले. ते अवशेष जतन केले असून शेजारी शहराच्या इतिहासाचे संग्रहालय आहे.

बंदराच्या धक्क्यावर रोज सकाळी ताज्या मासळीचा छोटा बाजार भरतो. कोळी बोटीतून उतरतात आणि लाकडी मेजावर मासळी मांडून तेथेच विकतात. मध्ये दलाल नाही. बंदरापासून सरळ वर जाणारा रुंद रस्ता म्हणजे कानबियेर. त्याच्या सुरुवातीलाच चेंबर ऑफ कॉमर्सची दगडी इमारत दिसते. इमारत १८६० ची असली तरी संस्था १५९९ साली स्थापन झालेली आहे. फ्रान्समधील ही सर्वांत जुनी व्यापारी संघटना. समुद्री चाचे, जकात आणि परदेशी बंदरांतील अडचणी यांना एकेकट्या व्यापाऱ्याने तोंड देणे शक्य नाही, हे ओळखून येथील व्यापारी सव्वाचारशे वर्षांपूर्वी एकत्र आले. ही बाब आपल्याकडे ज्या गावात दहा दुकानदारांची सुद्धा एक संघटना टिकत नाही, तेथील बंधूंनी ध्यानात घ्यावी.

१६६९ साली राजा चौदावा लुई याच्या कोलबेर नावाच्या मंत्र्याने मार्सेयला मुक्त बंदर म्हणून जाहीर केले. परदेशी व्यापाऱ्यांनी यावे आणि माल आणावा, असे त्यांना बोलावणे केले. त्याच वेळी पूर्व भूमध्य किनाऱ्याचा, म्हणजे लेव्हांटचा माल परक्या जहाजांनी किंवा आडवाटेने आला तर त्यावर शेकडा २० जकात बसवली. परिणामी हलब, सैदा, इझमीर, इस्तंबूल, अलेक्झांड्रिया येथील रेशीम, कापूस, कॉफी आणि मसाले यांचा ओघ मार्सेयकडे वळला. शहराची भरभराट येथून सुरू झाली.

छापील कापड आणि हिंदुस्थानचे नाव

या ओघात एक माल असा होता की ज्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. तो म्हणजे हिंदुस्थानी छापील सुती कापड. फ्रेंच लोक त्याला 'अँदियेन' म्हणत. अँदियेन म्हणजे हिंदुस्थानी. सुरत, गुजरात आणि कोरोमंडल किनारा ही त्याची मोठी केंद्रे. खानदेशच्या वेशीवरील बुऱ्हाणपूरचे छापील कापड इराण आणि तुर्कस्तानपर्यंत जात असे, अशी नोंद सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी व व्यापारी ताव्हेर्निये याने केली आहे. युरोपात तोपर्यंत सुती कापडावर पक्का रंग बसवण्याची कला अवगत नव्हती. आपले रंगारी आणि छिपे तुरटी व मंजिष्ठेसारख्या मुळांचा उपयोग करून असा लाल रंग बसवत की कापड कितीही धुतले तरी तो जात नसे. गिऱ्हाईक या कापडावर तुटून पडले त्याचे कारण एवढेच.

मार्सेयच्या लोकांनी हे काम शिकण्याची खटपट केली. १६४८ च्या सुमारास पत्ते छापणारा एक कारागीर आणि एक ठसे कोरणारा यांनी मिळून कापड छापण्याचा कारखाना काढल्याची नोंद आहे. पण रंगाचे रहस्य त्यांना साधले नव्हते. १६७२ साली दोन आर्मेनियन कारागिरांबरोबर भागीदारी करून लेव्हांट आणि इराणच्या पद्धतीने कापड रंगवण्याचे काम मार्सेयमध्ये सुरू झाले. म्हणजे हिंदुस्थानचा हुन्नर इराण आणि तुर्की मुलखातून, आर्मेनियन हातांनी, फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरला. ज्याच्या हातात काम आहे त्याला परक्या मुलखातही भागीदार मिळतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

पुढची हकिकत मात्र कडू आहे. रेशीम आणि लोकर विणणाऱ्या फ्रेंच कारखानदारांनी आरडाओरड केली की या कापडामुळे आमचा धंदा बुडाला. १६८६ साली सरकारने छापील सुती कापड आणण्यावर आणि देशात छापण्यावरही बंदी घातली. ठसे फोडण्यात आले. ही बंदी १७५९ पर्यंत, म्हणजे ७३ वर्षे चालली. एवढ्या काळात कापडाची मागणी कमी झाली का? मुळीच नाही. चोरटा व्यापार चालूच राहिला. दरम्यान १६८५ नंतर प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांचा फ्रान्समध्ये छळ वाढला, त्यांतले अनेक छापखानदार स्वित्झर्लंडसारख्या देशांत निघून गेले आणि तेथे त्यांनी कारखाने काढले. फ्रान्सचे नुकसान झाले आणि शेजाऱ्यांचा फायदा झाला. बंदी घालून हुन्नर मरत नाही, तो गाव बदलतो.

बंदी उठल्यावर दक्षिण फ्रान्समध्ये ही छपाई पुन्हा उभी राहिली आणि हळूहळू तिला 'प्रोव्हान्सचे कापड' असे नाव पडले. आज मार्सेयच्या दुकानांत पिवळ्या-निळ्या रंगांवर बारीक बुट्टी आणि आंब्याची कोयरी असलेले मेजपोस, पिशव्या, रुमाल दिसतील. दुकानदार हे आमचे पारंपरिक कापड म्हणून दाखवील. ते खोटेही नाही. पण कोयरी आणि बुट्टी कोठून आली हे आपण ओळखू शकतो. ज्यांना ठसेछपाईत विशेष रस आहे त्यांनी वेळ काढून तारास्काँ या गावी जावे. तेथील 'सुलेयादो' या कंपनीच्या संग्रहालयात जुने लाकडी ठसे जपून ठेवलेले आहेत. आपल्याकडे असे किती ठसे चुलीत गेले, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

घाईचा नफा आणि १७२० ची साथ

बंदरावरून पाण्याकडे पाहताना आणखी एक हकिकत आठवली पाहिजे. २५ मे १७२० रोजी 'ग्रां सँ-आंत्वान' नावाचे जहाज लेव्हांटहून कापड, रेशीम आणि कापसाच्या गासड्या भरून आले. वाटेत जहाजावर काही माणसे मेली होती. मार्सेयचा नियम कडक होता. संशयित जहाज आणि त्यावरचा माल दूरच्या बेटाजवळ कित्येक दिवस वेगळा ठेवायचा, गासड्या उघडून त्यांना हवा द्यायची आणि मगच शहरात आणायचा. परंतु बोकेरची मोठी जत्रा जुलैत भरणार होती आणि हा माल त्या जत्रेसाठी होता. मालात शहराच्या एका प्रमुख अधिकाऱ्याचाही हिस्सा होता. नियम सैल करण्यात आला आणि माल लवकर उतरवण्यात आला.

त्या गासड्यांबरोबर प्लेग शहरात शिरला. ८० ते ९० हजार वस्तीच्या शहरात ३० ते ४० हजार माणसे दगावली. आसपासच्या प्रांतातही हजारो मेली. जहाज शेवटी जाळण्यात आले आणि १९७८ साली त्याचे अवशेष झार बेटाजवळ समुद्रात सापडले. एका जत्रेचा नफा हातचा जाऊ नये म्हणून नियम मोडला आणि अर्धे शहर गेले. जो माल तपासून द्यायचा तो न तपासता दिला तर नुकसान केवळ गिऱ्हाइकाचे होत नाही, सगळी पेठ बसते. खाण्याचे पदार्थ, औषधे, विजेची उपकरणे विकणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

साबण : शिक्का आहे, पण मालक कोण?

मार्सेयचे नाव जगभर पसरले ते साबणामुळे. सिरियातील हलब आणि फिलिस्तीनमधील नाब्लुस येथे जैतुनाच्या तेलाचा साबण करण्याची परंपरा फार जुनी. या दोन्ही ठिकाणच्या कारागिरीची नोंद २०२४ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. भूमध्य समुद्राच्या व्यापारात ही विद्या पश्चिमेकडे आली आणि प्रोव्हान्सच्या जैतुनावर वाढली.

१६८८ साली राजाज्ञा निघाली. साबणात केवळ जैतुनाचे तेल वापरावे, जनावरांची चरबी मिसळू नये आणि जून, जुलै, ऑगस्ट या उन्हाच्या महिन्यांत साबण शिजवू नये, कारण उष्णतेने माल बिघडतो. नियम मोडणाऱ्याचा माल जप्त होई. या एका नियमाने मार्सेयच्या साबणाची पत बांधली गेली. घेणाऱ्याला खात्री असे की आत काय आहे. चरबीचा अंश नसणे ही गोष्ट आपल्या वाचकांच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे.

कामाची रीत अशी आहे. मोठ्या कढईत तेल आणि सोडा एकत्र करून तो घाणा कित्येक दिवस शिजवतात. मिठाच्या पाण्याने धुऊन जादा सोडा काढून टाकतात. मग हा घट्ट रस जमिनीवरच्या हौदांत ओततात, थिजल्यावर कापतात, मिस्त्राल नावाच्या कोरड्या वाऱ्यावर वाळवतात आणि घनाकार वडीच्या बाजूंवर शिक्के मारतात. '७२ टक्के' हा त्यांतला प्रसिद्ध शिक्का, म्हणजे एवढे तेलाचे प्रमाण. जैतुनाचा साबण हिरवट असतो, नारळ किंवा पाम तेलाचा पांढरट. एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेतून शेंगदाणे व पाम तेल आणि पूर्वेकडून तीळ वगैरे गळिताचा माल येऊ लागला, तेव्हा कारखानदारांनी तेल बदलले. पण तेल वनस्पतीचेच राहिले.

एके काळी शहरात साबणाचे कारखाने डझनांनी होते. दुसऱ्या महायुद्धानंतर डिटर्जंट पावडर आली आणि कारखाने एकामागून एक बंद पडले. जुन्या रीतीने कढईत शिजवणारे आता मार्सेय व आसपास मिळून मोजकेच राहिले. त्यांतल्या चौघांनी २०११ साली आपली संघटना काढली, कारण एक नवे संकट उभे राहिले होते. 'मार्सेयचा साबण' हे नाव कायद्याने त्या गावाशी बांधलेले नव्हते. ती साबण करण्याची एक पद्धत आहे असे धरले गेले. त्यामुळे तुर्कस्तानात किंवा चीनमध्ये बनलेल्या, कधी चरबी घातलेल्या, कधी कृत्रिम सुगंध आणि रंग घातलेल्या वड्यांवरही हेच नाव छापून माल विकला जाऊ लागला. २०१४ च्या कायद्याने फ्रान्समध्ये कारागिरीच्या वस्तूंनाही भौगोलिक नाव राखून ठेवण्याची वाट खुली झाली. परंतु कारखानदारांतच वाद लागला. एक पक्ष म्हणे की हे नाव केवळ मार्सेयच्या परिसरातील आणि सुगंध नसलेल्या साबणालाच मिळावे. दुसरा पक्ष म्हणे की ते संपूर्ण फ्रान्ससाठी असावे. आपसातील या भांडणात वर्षे गेली आणि बाहेरचा माल खपत राहिला.

याच शहरात अशी दुसरीही गोष्ट घडली आहे. दोन कापडांमध्ये दोरा किंवा कापूस भरून नाजूक टाके घालायचे, आपल्या गोधडीची श्रीमंत बहीण म्हणावी असे हे काम मार्सेयच्या बायका करत आणि ते युरोपभर जाई. अठराव्या शतकात इंग्लंडच्या विणकरांनी मागावर तसे दिसणारे कापड विणले आणि त्यालाही 'मार्सेल्स' हेच नाव दिले. नाव मार्सेयचे राहिले, मजुरी बोल्टनच्या मागाला मिळू लागली.

आपल्या पैठणीला आणि कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पण मानांकनाचा कागद कपाटात ठेवून भागत नाही. कोणता माल अस्सल, कोण करणार, शिक्का कोण मारणार आणि नक्कल दिसली तर तक्रार कोण करणार, हे कारागिरांनी आपसांत आधी ठरवावे लागते. मार्सेयच्या साबणवाल्यांनी ते उशिरा केले, त्याची किंमत ते मोजत आहेत.

बेलझन्स : एकाच गिऱ्हाइकावरची पेठ

कानबियेरच्या उत्तरेला, रेल्वे स्थानक आणि बंदर यांच्या मध्ये बेलझन्स हा जुना मोहल्ला आहे. अरुंद गल्ल्या, खाली दुकाने, वर बिऱ्हाडे. १९७० आणि १९८० च्या दशकांत येथे शेकडो घाऊक-किरकोळ दुकाने होती. अल्जेरियात तेव्हा सरकारी नियंत्रणाचा कारभार होता आणि कापड, सूट, गालिचे, घरगुती विजेची यंत्रे, मोटारींचे सुटे भाग यांची टंचाई असे. तेथील लोक बोटीने मार्सेयला येत, बेलझन्समध्ये खरेदी करत आणि गाठोडी बांधून परत जात. विकणाऱ्यांत अल्जेरियन आणि ट्युनिशियन मुसलमान होते, उत्तर आफ्रिकेतून आलेले ज्यू होते, आर्मेनियन होते. धर्म निराळे, पण बोली, हिशेब आणि उधारीचा शब्द सर्वांना समजत होता. लहान दुकानांतून लाखो फ्रँकांची उलाढाल चाले.

१९८६ साली पॅरिसमध्ये बाँबस्फोट झाले आणि फ्रान्सने अल्जेरियन प्रवाशांना व्हिसा सक्तीचा केला. पुढे १९९० च्या दशकात अल्जेरियातच यादवी माजली आणि व्हिसा मिळणे आणखी कठीण झाले. गिऱ्हाइकाची बोट थांबली. दुकानात माल तोच, दर तोच, विश्वास तोच, पण घेणारा येईना. काही वर्षांत हा धंदा इस्तंबूल, दुबई आणि पुढे चीनच्या बाजारांकडे सरकला. ज्यांनी वेळीच त्या वाटा धरल्या ते तगले. जे दुकानात बसून बोटीची वाट पाहत राहिले त्यांना कुलूप लावावे लागले. आज बेलझन्समध्ये दुकाने आहेत, कापड आहे, फोनची दुकाने आहेत, चहा आणि मिठाई आहे. पण तो जुना जोर राहिलेला नाही.

आपल्यापैकी किती कारखानदारांचा माल एकाच आडत्याकडे किंवा एकाच आखाती देशात जातो? किती जणांचे खाते एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर उभे आहे? सरकारचा एक कागद निघाला की काय होते, हे बेलझन्सच्या गल्लीत उभे राहून समजते.

नोआयची मंडई

कानबियेरच्या दुसऱ्या बाजूला नोआय हा भाग. मार्सेयचे पोट येथे आहे असे स्थानिक लोक म्हणतात. जैतुनाची पिंपे, हरिसा, मसाल्याच्या राशी, खजूर, पुदिना, आफ्रिकन रताळी, व्हिएतनामी भाजी, हलाल खाटिकांची दुकाने, तव्यावरची गरम रोटी. कोमोर बेटांवरील लोकांची वस्ती मार्सेयमध्ये इतकी मोठी आहे की या शहराला कोमोरचे पाचवे बेट म्हणतात. आर्मेनियन निर्वासित १९२० च्या दशकात हजारोंनी आले आणि शिवणकाम, चप्पल-बुटांची कामे यांत स्थिरावले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तर शहरातील दर चार माणसांमागे सुमारे एक इटालियन होता. त्यांचेही स्वागत पायघड्या घालून झाले नव्हते. आज त्यांची नातवंडे अस्सल मार्सेयवाली म्हणवतात.

याच भागात १८२७ पासून चालू असलेले 'आँपरर' हे लोखंडी सामानाचे व घरगुती वस्तूंचे दुकान आणि १८१५ चे 'पेर ब्लेझ' हे जडीबुटीचे दुकान आहे. खिळे, कुलपे, चाकू, ब्रश असल्या साध्या मालावर एक दुकान जवळजवळ दोनशे वर्षे चालते याचे मर्म आत गेल्यावर समजते. दुसरीकडे न मिळणारी वस्तू येथे मिळते आणि विकणाऱ्याला मालाची माहिती असते.

नोआयची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ५ नोव्हेंबर २०१८ रोजी येथील रू दोबान्य या रस्त्यावर जुन्या इमारती कोसळल्या आणि ८ माणसे मेली. भिंतींना तडे गेल्याच्या तक्रारी आधीपासून होत्या. त्यानंतर शहरभर धोक्याच्या इमारतींतून हजारो लोकांना बाहेर काढण्यात आले. खालच्या दुकानदारांचे धंदे महिनोन् महिने बंद राहिले. पेठ म्हणजे केवळ गल्ला नव्हे. डोक्यावरचे छप्पर आणि वर राहणारी माणसे हाही पेठेचाच भाग आहे.

गोदी : खलाशी आणि कंटेनर

जुने बंदर अपुरे पडू लागले म्हणून उत्तरेला ला जोलियेतची नवी गोदी १८५३ साली सुरू झाली. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला आणि मुंबई मार्सेयच्या जवळ आली. विलायतेला जाणारे घाईचे प्रवासी येथेच उतरून आगगाडीने पुढे जात. पी. अँड ओ. कंपनीच्या या बोटींवर कोकणातले मुसलमान खलाशी मोठ्या संख्येने असत. रत्नागिरीकडच्या कित्येक घरांतील सारंग, तांडेल आणि खलाशी यांनी मार्सेयचा धक्का पाहिला होता, भले त्यांची नावे कोणत्या पाटीवर नसोत. सप्टेंबर १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धासाठी हिंदी पलटणी येथेच उतरल्या. शहराच्या दक्षिणेस माझार्ग येथील युद्ध-दफनभूमीत हिंदी शिपायांच्या कबरी आणि स्मारक आहे. गांधीजीही सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला जाताना याच बंदरात उतरले.

आज मोठी मालवाहतूक शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवरील फोस येथे चालते. ला जोलियेतहून अल्जेरिया, ट्युनिशिया आणि कॉर्सिकाच्या प्रवासी बोटी सुटतात. जुन्या गोदामांची लांबलचक इमारत आता दुकाने आणि कचेऱ्यांनी भरली आहे. तिच्या पलीकडे काचेचा उंच मनोरा दिसतो. तो 'सी.एम.ए. सी.जी.एम.' या जहाज कंपनीचा. बैरुतमध्ये जन्मलेले झाक सादे लेबनानच्या यादवीतून निघून १९७८ साली येथे आले आणि एका जहाजावर बैरुत-मार्सेय मार्गाचा धंदा सुरू केला. १९९६ साली त्यांनी फ्रान्सची सरकारी जहाज कंपनी विकत घेतली. २०१८ साली ते वारले तेव्हा त्यांची कंपनी जगातील सर्वांत मोठ्या चार कंटेनर कंपन्यांत गणली जात होती. तिची जहाजे आपल्या न्हावाशेवा बंदरातही लागतात. बेलझन्सची पेठ एका वाटेवर उभी होती, ती वाट बंद होताच बसली. सादे यांनी एका वाटेपासून आरंभ केला आणि मग एकामागून एक वाटा जोडत गेले. दोघेही परकेच, दोघांचेही शहर एकच.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना

पॅरिसहून वेगवान आगगाडीने सव्वातीन तासांच्या आसपास मार्सेय गाठता येते. फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. पर्यटनाच्या व्हिसावर माल विकता येत नाही. गाठीभेटी आणि प्रदर्शनासाठी जायचे असेल तर तसे कारण लिहून व्यापारी भेटीचा व्हिसा घ्यावा. नमुने नेऊन परत आणायचे असतील तर 'फिक्की'मार्फत मिळणारे ए.टी.ए. कार्नेट काढावे, म्हणजे जकातीचा त्रास वाचतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये मार्सेयला भारताचे वाणिज्य दूतावास कार्यालय सुरू झाले आहे. पासपोर्ट हरवणे किंवा इतर अडचण यासाठी आता पॅरिसला धावण्याची गरज नाही.

दुकानात शिरताच आधी 'बोंझूर' म्हणावे आणि मग भाव विचारावा. न बोलता मालाला हात लावणे तेथे उद्धटपणाचे समजतात. पक्क्या दुकानात घासाघीस चालत नाही. जुन्या बाजारात आणि रस्त्यावरच्या पेठेत थोडी चालते. एका दुकानातून एका वेळी १०० युरोपेक्षा जास्त खरेदी झाली तर परदेशी प्रवाशाला विक्रीकराचा काही भाग परत मिळतो. त्यासाठी पासपोर्ट दाखवून दुकानातच कागद करून घ्यावा आणि युरोप सोडताना विमानतळावरील कस्टममध्ये त्याची नोंद करावी. ही सवलत सामानातून नेण्याच्या खासगी खरेदीसाठी आहे, धंद्याच्या गासड्यांसाठी नाही. नोआय आणि बेलझन्सच्या कोपऱ्यांवर चोरटी सिगारेट आणि नामांकित कंपन्यांच्या नकली वस्तू विकणारे उभे असतात. त्यांच्या नादी लागू नये. नकली माल जवळ बाळगणे हाही तेथे गुन्हा आहे, माल जातो आणि वर दंड होतो. गर्दीत पाकीट सांभाळावे.

हलाल जेवण मिळण्यास बेलझन्स आणि नोआयमध्ये अडचण पडत नाही. कुसकुस, भाजलेले मांस, चण्याच्या पिठाची तळलेली 'पानिस' स्वस्तात मिळते. फ्रेंच उपाहारगृहात मासळीच्या रश्श्यात दारू घातली आहे काय, हे आधी विचारावे. फ्रान्समध्ये जनगणनेत धर्म विचारत नाहीत, त्यामुळे नक्की आकडा नाही, पण शहरातील मुसलमानांची संख्या दोन लाखांच्या वर असल्याचा अंदाज दिला जातो. असे असूनही तेथे मोठी जामा मशीद झालेली नाही. उत्तरेकडील जुन्या कत्तलखान्याच्या जागेवर मशीद बांधण्यासाठी २०१० साली पायाचा दगड बसला. मग बांधकाम परवाना कोर्टात अडकला, पैसा जमेना, आणि २०१६ साली नगरपालिकेने जागेचा करारच रद्द केला. नमाज लहान लहान जागांत होते. बेलझन्समध्ये कोणालाही विचारले तर वाट दाखवतील.

परतताना साबणाची एखादी वडी अवश्य आणावी. पण घेण्यापूर्वी वेष्टन उलटून पाहावे. आत कोणकोणती तेले आहेत, चरबी आहे काय, कोणत्या गावात शिजवला आहे आणि कोणाचा शिक्का आहे, हे नीट वाचावे. दुकानदार रागावणार नाही. अस्सल माल विकणाऱ्याला असे गिऱ्हाईक आवडते. मग घरी आल्यावर आपल्या मालाचे वेष्टन त्याच नजरेने एकदा तपासावे. परगावच्या अनोळखी माणसाने ते उलटून पाहिले तर त्याला हीच सर्व उत्तरे मिळतात काय?